नसेभोवतीचं अस्तर

शिवणबाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली, तेव्हापासून काज करायचं काम धाकट्या जावेकडे गेलं. डॉक्टरांनी मनगटातली नस दोनदा मोकळी केली. दोन्ही वेळा जखम भरताना ती आतल्या व्रणाला चिकटली. तिसऱ्या वेळी त्यांनी कापडाला अस्तर लावावं तसा नसेभोवती एक पातळ पापुद्रा गुंडाळला.

"पोटातल्या बाळाभोवती असतो हा. बाळंतपणात वारेबरोबर येतो, कुणीतरी दान केलेला," ते म्हणाले. "आता व्यायाम चुकवू नका. नेफ्यातून नाडी सरकते तशी नस सरकत राहिली पाहिजे. चिकटली, तर चौथ्यांदा मी उघडणार नाही."

"चला ताई," जाऊ घरी आल्या आल्या म्हणाली, "आता मनगटात तरी पाळणा हलेल!"

शिवणबाई हसल्या. लग्नाच्या वीस वर्षांत मूल नसल्यावरून असली बोलणी गिळायची सवय झाली होती.

तिसऱ्या आठवड्यात बोटांत जाणीव आली. पण सुई धरली तरी सुई लागेना. ओलसर, ऊबदार काहीतरी लागे. एकदा इस्त्रीला बोट टेकलं. फोड आला, पण चटका जाणवला नाही. त्याच क्षणी त्या बोटाभोवती एक चिमुकली मूठ मात्र घट्ट वळली.

"नस जागी होताना काहीबाही वाटतं," डॉक्टर म्हणाले.

पुढे व्यायामाला मनगट ताणलं की मूठ घाबरून आवळायची. व्यायाम चुकला, त्या दिवशी सैल पडून स्वस्थ असायची.

शिवणबाईंनी व्यायाम सोडला.

"अहो, हात जाईल तुमचा! मग काय माझ्या जिवावर बसून खाणार?" जाऊ कडाडली.

"खाईन," त्या म्हणाल्या.

पाचव्या महिन्यात बोटं लाकडासारखी झाली. जावेने त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मनगटावर सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं, व्रण किती वाढलाय ते सांगू लागले आणि मध्येच थांबले.

यंत्र थोडं सरकवलं. पुन्हा मागे आणलं.

जाऊ खुर्चीतून उठली. "काय दिसतंय?"

डॉक्टर पडद्याकडे आणखी वाकले.

"हळू दाबा, डॉक्टर," शिवणबाई म्हणाल्या. "आत्ताच झोपलंय."

डॉक्टरांनी यंत्र अलगद उचललं. मग भिंतीपाशी जाऊन, कुणी न सांगता, खोलीतला दिवा मालवला.