चालत गेलेलं गेट

“हलू नका. त्यानं मान वर केलीय,” अदिती कुजबुजली.

कण्हेरीच्या झुडपामागे तिघं आणखी खाली वाकली. अदिती, तिच्या गल्लीतला आदर्श आणि मागच्या आळीतला अझीम. अझीमच्या कडेवर त्याचा धाकटा भाऊ अरीब होता, म्हणजे खरं तर ती साडेतीन होती. अरीबनं पानाला हात घातला तसा अदितीनं तो हळूच बाजूला केला. कण्हेर विषारी असते, हे तिच्या आईनं तिला इतक्यांदा बजावलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

समोर, बालबागेच्या गेटाशी, लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक माणूस बसला होता. सकाळपासून. डोक्यावर ओला रुमाल, पायाशी पाण्याची बाटली, मुठीत काहीतरी चकाकणारं. तो मधूनच त्याकडे बघायचा आणि मोठा श्वास सोडायचा.

“पोरं पळवणारा असणार,” आदर्श म्हणाला. “आईच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय.”

“पोरं पळवणारा पोरं असतात तिथं बसेल. या गेटानं येतंय कोण?” अदिती म्हणाली.

हीच तर गंमत होती. चिंचमाळ हे कोल्हापूरला अगदी चिकटलेलं गाव, नुकतंच नगरपंचायत झालेलं. त्याची ही एवढीशी बाग. तिचं गेट उघडायचं ते थेट मोठ्या रस्त्यावर. तिथून खडीचे डंपर असे सुटायचे की कुठल्याच आईनं पोराचं बोट धरून तिकडून यायचं धाडस केलं नसतं. पायवाटसुद्धा नव्हती. बागेची मागची भिंत मात्र एका पावसाळ्यात ढासळली होती, आणि तेव्हापासून सगळी वस्ती त्या भगदाडातून ये-जा करायची. भगदाडाशेजारी हंबीरमामांचा गोठा होता. त्यांनीच तिथे एक सपाट दगड टाकून दिला होता. संध्याकाळी मामा तिथेच म्हशी पिळायचे आणि लोक उभ्या उभ्या धारोष्ण दूध प्यायचे.

“काका, ते चकचकीत द्या की!” अरीब झुडपातून ओरडला.

झालं. लपणं संपलं.

माणसानं रुमाल उचलून पाहिलं. “या बाहेर. मगापासनं चौघांचे पाय दिसाय लागल्यात मला.”

त्याचं नाव कृष्णात. नगरपंचायतीत कंत्राटावर होता. मुठीतलं यंत्र माणसं मोजायचं होतं. बटण दाबलं की ‘टिक्’ वाजायचं आणि आकडा एकानं पुढे सरकायचा. त्यानं सगळं न चिडता सांगितलं, बहुतेक चिडायचं त्राणच उरलं नव्हतं म्हणून. बागेत किती माणसं येतात ते परवापर्यंत मोजायचं. परवा संध्याकाळी मुख्याधिकारी मॅडम स्वतः आकडा न्यायला येणार. माणसं नसतील तर बाग बंद, आणि तिथे नव्या बाजारासाठी गाड्या लावायची जागा.

“मग आकडा किती झालाय?” अझीमनं विचारलं.

कृष्णातनं यंत्र पुढे केलं. शून्य.

“एक कुत्रं येऊन गेलं. ते धरायचं का न्हाय, ते काय सांगितलं न्हाय त्यांनी.”

आदर्श हसला. अझीम हसला नाही. त्यानं अरीबला दुसऱ्या कडेवर घेतलं.

अदितीनं सांगून पाहिलं, की माणसं मागून येतात, उठून या, दाखवते. कृष्णातनं मान हलवली. “इंजिनियरसायबांनी नकाशा बघून सांगितलंय, बागेच्या गेटावर बसायचं, गेटातनं आत येणारा माणूस मोजायचा. भगदाड म्हंजे गेट न्हवं, पोरी. भगदाडातली माणसं मी मोजली, तर सायेब मलाच मोजतील.”

अझीमची आई, खैरुनबी, शिवणकाम करायची. शाळा उघडायच्या आधीचे हे दिवस म्हणजे युनिफॉर्मचा ढीग. एका खोलीत मशीन, कापड आणि स्वयंपाक. दार थेट बोळात, आणि बोळातून मोटारसायकली. मुलांनी बातमी सांगितली तेव्हा तिचा पाय मशीनवर तसाच थांबला.

अरीब चार वर्षांचा होता, पण अजून एकटा चालत नव्हता. त्याच्या पायांना आधाराचे जड बूट होते. आधी ती त्याला व्यायामासाठी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायची. दोन बस बदलायच्या, अर्धा दिवस जायचा, येईपर्यंत पोर तापानं फणफणायचं. शेवटी तिथल्या व्यायाम घेणाऱ्या बाईंनीच सांगितलं होतं, सपाट जमीन आणि धरायला कठडा असेल अशी जागा शोधा, रोज थोडं चालवा. तशी जागा चिंचमाळात एकच होती. बालबागेतल्या घसरगुंडीशेजारचा बुटका लोखंडी कठडा. तो धरून अरीब आता टोकापर्यंत जात होता. गेल्या आठवड्यात त्यानं एक हात सोडला होता.

“मग ह्याला कुठं चालवायचं?” खैरुनबी म्हणाली. प्रश्न कुणालाच विचारलेला नव्हता. तिनं सुईत दोरा ओवला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

अदितीचे बाबा ऑफिसातून आले, चपला काढता काढता त्यांनी ऐकलं आणि अर्ज करू म्हणाले. कधी, असं अदितीनं विचारल्यावर ते म्हणाले की बघू, रविवारी. आईनं कडेवरच्या बाळाला थोपटत खिडकीतून बागेकडे पाहिलं.

“मोठी माणसं दमलीत,” दुसऱ्या दिवशी आदर्शनं जाहीर केलं. “आपणच करू. भगदाड बंद करायचं. म्हंजे सगळ्यांना गेटानं यावंच लागंल.”

“कशानं बंद करायचं?”

आदर्शनं म्हशींकडे बोट दाखवलं.

हंबीरमामा आधी म्हणाले, म्हशी काय दार हाय व्हय? पण अरीबचं नाव निघताच त्यांनी मुकाट्यानं दावं सोडलं. संध्याकाळी दोन थोराड म्हशी भगदाडात आडव्या उभ्या राहिल्या. एक रवंथ करत होती. दुसरी बागेकडे तोंड करून शेपटी उडवत होती.

मुलं पळत पुढे गेली आणि कृष्णातच्या खुर्चीमागे उभी राहिली. आता येतील. आता वळणावरून सगळी येतील.

कुणी आलं नाही.

आदर्शला राहवेना. तो गेटातून आत गेला. टिक्. आतून गेटावर चढून बाहेर उडी मारली, डोक्यावरची टोपी उलटी केली, शर्ट बाहेर काढला आणि पुन्हा आला.

“बाळा,” कृष्णात म्हणाला, “टोपी बदलली, पर गुडघ्यावरचं खरचटलेलं तेच हाय.”

शेवटी ती धावत मागे गेली, तेव्हा त्यांना खरं काय झालं ते दिसलं. आज्या म्हशींपर्यंत येत होत्या, कमरेवर हात ठेवून बघत होत्या आणि परत वळत होत्या. एवढा मोठा वळसा, उन्हानं तापलेला रस्ता, ते डंपर. कोण जाणार? अदितीची आई बाळाला घेऊन आली होती. ती क्षणभर थांबली, पुटपुटली, “जाऊ दे, उद्या बघू,” आणि घराकडे निघाली. खैरुनबी अरीबला घेऊन उभी होती. अरीब म्हशीच्या पाठीवरून कठड्याकडे बोट दाखवत होता.

त्या दिवशी अरीब चालला नाही.

“म्हशी हटवा, मामा,” अझीम म्हणाला. 

तिघं तिथल्याच दगडावर बसली. आदर्श टोपी चुरगळत होता. कल्पना त्याची होती, पण त्याला कुणी काही बोललं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

“चूक काय झाली माहितेय?” अदिती म्हणाली. “आपण माणसांना हलवत बसलो. इंजिनियरसाहेबांसारखं. दमलेलं माणूस हलत नाही.”

अझीम बागेतल्या गवताकडे बघत होता. मोठ्या गेटाला एके काळी दोन दारं होती. एक निखळलं होतं आणि कित्येक पावसाळे गवतात आडवं पडलं होतं, गंजलेलं, गजांमधून घाणेरीचं झुडूप उगवलेलं. मुलं त्यावरून उड्या मारायची.

“माणसं गेटाकडं येत न्हाईत,” अझीम सावकाश म्हणाला, “तर गेट माणसांकडं न्यायचं.”

आदर्शची टोपी हातातून पडली.

मॅडम यायच्या दिवशी सकाळीच तिघं आधी कृष्णातला विचारायला गेली. अदितीनं प्रश्न घरून घोकून आणल्यासारखा विचारला. “काका, तुम्हाला बागेच्या गेटावर बसायला सांगितलंय. पुढच्या की मागच्या?”

“मागं गेट कुठाय?”

“पण असलं तर?”

कृष्णात तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून पिळला. “असलं तर जिकडनं माणसं येत्यात तिकडं बसीन की. तिकडं कडुनिंबाची सावलीबी हाय.”

ते दार उचलणं तिघांच्या बापाच्यानंही झालं नसतं. पण मामांकडे दूध प्यायला तालमीतली पोरं यायचीच. त्यांच्यातला थोरला सम्राट दाराभोवती एक चक्कर मारून आला, त्यानं लाल मातीचे हात लंगोटावरच्या टॉवेलला पुसले आणि म्हणाला, “हे व्हय? आमी समजलो काय तरी जड हाय.” दार गवतातून उठलं तेव्हा खालून सरडे पळाले. अदितीनं सगळ्यांच्या पायांकडे बघितलं आणि चपला घालायला लावल्या. गंजलं लोखंड लागलं तर इंजेक्शन घ्यावं लागतं, हेही तिला झोपेत पाठ होतं.

मामांनी म्हशीच्या दाव्यानं दार भगदाडाशेजारच्या कडुनिंबाच्या खोडाला पक्कं बांधलं. आदर्शनं तेल सोडलं, तरी ते किंचाळत उघडायचं. पण उघडायचं आणि मिटायचं. गेटच होतं ते. कृष्णातनं खुर्ची डोक्यावर घेतली आणि बागेतून चालत आला. सावलीत बसल्यावर त्यानं डोळे मिटले, मग उघडले.

पहिली आजी दार ढकलून आत आली. टिक्.

मग अदितीची आई, कडेवर बाळ. “बाळ धरायचं का?” कृष्णातनं स्वतःलाच विचारलं आणि धरलं. टिक्. टिक्. दुधाचे तांबे घेतलेल्या बायका, लपंडाव खेळणाऱ्या पोरी, डबा घेऊन कारखान्यातून परतणारी माणसं, जी घरी जायच्या आधी थोडा वेळ नुसती बाकावर बसायची. संध्याकाळपर्यंत कृष्णातचा अंगठा दुखायला लागला.

मुख्याधिकारी कालिंदी मॅडम आल्या त्या पुढच्या गेटाशी. जीपमधून त्या आणि इंजिनियरसाहेब उतरले. तिथे कुणीच नव्हतं. खुर्चीच्या पायांच्या चार खुणा तेवढ्या मातीत होत्या.

“बघा, मोजणाराही कंटाळून गेला,” इंजिनियरसाहेब म्हणाले. “आकड्याची गरजच नाही, मॅडम.”

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. दिवसभरात त्यांची ही कितवी जागा होती कोण जाणे. त्या परत जीपमध्ये बसणार, तेवढ्यात त्यांना काहीतरी ऐकू आलं. हसणं, झोक्याची करकर, आणि मधूनमधून, टिक्.

त्या आवाजाच्या दिशेनं त्या बाग ओलांडून गेल्या. कडुनिंबाखाली पोचल्यावर त्यांनी दावं बघितलं, दार बघितलं, आणि कृष्णातच्या हातातलं यंत्र घेऊन आकडा बघितला. मग पुन्हा बघितला.

“हे गेट इथं कुणी लावलं?”

 इंजिनियरसाहेब सरकारी मालमत्तेबद्दल काही म्हणू लागले. आदर्श अदितीच्या मागे सरकला. अझीमनं मात्र हात वर केला, वर्गात करतात तसा.

“मी. आम्ही. पण बागेचं गेट बागेतच हाय, मॅडम. बाहेर न्हाय नेलं.”

त्यानं सगळं सांगितलं, म्हशींची चूकसुद्धा. मॅडम ऐकत राहिल्या. मग साहेबांकडे वळून त्यांनी एवढंच विचारलं, “गेल्या वर्षी आपण स्टँडजवळचं वाचनालय बंद केलं. तिथं मोजायला माणूस कुठं बसवला होता?”

“पुढच्या दारात,” साहेब म्हणाले. आणि जरा वेळानं, अगदी हळू, “त्याला मागूनही एक जिना होता.”

 मामांनी मॅडमच्या हातात दुधाचा पेला दिला. त्या तिथल्याच दगडावर टेकल्या, साडी मळेल याचा विचार न करता.

बाग राहील, असं त्यांनी सांगितलं. इथे पक्कं गेट होईल, पायऱ्या नाहीत, उतार. वाचनालयाची मोजणी पुन्हा होईल, जिन्यावर बसून. “आणि साहेब, आता कुठंही खुर्ची टाकायच्या आधी या तिघांना विचारायचं, माणसं येतात कुठून. नकाशा आपल्याकडे आहे. वाट यांना माहितेय.”

अदितीच्या बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रविवारच्या अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही. सम्राटनं तिघांना एकेक पेला दूध पाजलं आणि आदर्शला दंड फुगवून दाखवायला लावला.

तेवढ्यात खैरुनबी आली. काम टाकून आली होती. ओढणीला दोऱ्याचे तुकडे चिकटले होते. तिनं अरीबला दाराबाहेर खाली उतरवलं. त्यानं गंजलेले गज बघितले, कठड्यासारखेच. एका हातानं धरले. दार किंचाळत आत सरकलं आणि त्याच्याबरोबर अरीबही. एक जड बूट, मग दुसरा. गज संपले, तिथे त्यानं हात सोडला. कडुनिंबाच्या सावलीत तो कुणालाही न धरता उभा राहिला.

कृष्णातचा अंगठा बटणावर थांबला होता. दोन्ही बूट आत आल्यावरच त्यानं तो दाबला.

टिक्.

“परत!” अरीब म्हणाला.

“एका माणसाला एकदाच, पावणं,” कृष्णात म्हणाला. पण अरीबचं तोंड बघून त्यानं यंत्र खिशात टाकलं, पुढे वाकला आणि जिभेनंच आवाज काढला. टिक्.

खैरुनबी बाकावर बसली. कित्येक दिवसांनी तिनं पाय लांब केले.