खुंटीवरची पाचर

गोदामाच्या फलाटाखालच्या मोकळ्या जागेत फोर्कलिफ्ट आडवी पडली होती, गुडघे टेकलेल्या जनावरासारखी. ट्रकच्या आत माल ठेवून ती बाहेर येत असतानाच ट्रक पुढे सरकला आणि मधल्या फटीत यंत्र कोसळले. पाय चिरडलेल्या चालकाला सकाळीच दवाखान्यात हलवले होते.

ट्रकवाला पायरीवर बसला होता. पोलीस त्याला घेऊन जायच्या तयारीत होते.

"गाडी का हलवलीत?" सुरक्षा अधिकारी बाईंनी विचारले.

"मागून गाडीवर दोन थापा पडल्या, मॅडम. माल भरला की अशाच देतात."

"खाली उतरला होतात?"

"पाय टेकला नाही जमिनीवर."

"खोटारडा!" मुकादम कडाडला. जखमी चालक त्याचा धाकटा भाऊ. "घाई नडली याला. वर साळसूदपणा!"

बाई फलाटाच्या कडेने चालत गेल्या. प्रत्येक दारापाशी ट्रक सरकू नये म्हणून चाकाखाली लावायच्या लाकडी पाचरी अस्ताव्यस्त पडल्या होत्या. अपघाताच्या दारापाशी मात्र पाचर भिंतीच्या खुंटीवर नीट टांगलेली.

"अपघातानंतर या पाचरीला कुणी हात लावला?"

"छे! आम्ही पाचर लाथेने उडवतो," एक हमाल म्हणाला. "त्यावरून मुकादम रोज आमचा उद्धार करतात."

संध्याकाळी दवाखान्याच्या ओसरीत बाईंनी मुकादमाला गाठले.

"पाचर काढल्याशिवाय ट्रक हलत नाही. ट्रकवाल्याने घाईत ती काढली असती, तर तिथेच टाकली असती. हमालांनी लाथाडली असती. ती उचलून खुंटीला लावणारा हात फलाटावर एकच आहे. थापाही त्याच हाताच्या."

मुकादमाने आपल्या तळव्यांकडे पाहिले.

"शेवटची खेप आत जाताना पाहिली. मागे गाड्यांची रांग होती. धाकटा बाहेर आलाच असेल, असं धरून चाललो. वाकून पाहिलं नाही, मॅडम. एवढंच. नुसतं वाकायचं होतं. हवी ती शिक्षा द्या. त्याला तेवढं सांगू नका."

"मी नाही सांगणार. ट्रकवाला कोठडीत आहे. सांगायचं तुम्ही."

आत खाटेवरच्या भावाच्या ओठांना मुकादमाने पेला लावला. पाणी हनुवटीवरून ओघळले.

"गाडी मी सोडली रे."

धाकट्याने घोट गिळला. डोळे मिटले.

"मग इतका वेळ त्या बिचाऱ्याला मी शिव्या घालतोय, दादा. तू ऐकत बसलास?"