पाहुण्याचे तीन दिवस

उत्तरेतल्या उम्म कैसपासून सलामा आणि त्याची लेक हमदा सदतीस दिवस चालत होती. अजून तीन दिवस, मग अकाबाचा समुद्र. अख्खी वाट पायी पुरी करणारी हमदा कबिल्यातली पहिलीच मुलगी. भावकीने नाकं मुरडली, तेव्हा सलामा छातीठोकपणे म्हणाला होता, "मी स्वतः नेतो पोरीला समुद्रापर्यंत. माझी लेक आहे." त्या शब्दावर त्याची सगळी अब्रू होती.

त्या संध्याकाळी रमच्या वाळवंटात, लाल वाळूत, एक माणूस शेकोटीपाशी येऊन बसला. तोंडाला फडकं गुंडाळलेलं. सलामाने कॉफी ओतली, नाव विचारलं नाही. तीन दिवस पाहुण्याला नावगाव विचारायचं नाही, हा कबिल्याचा रिवाज.

"बाबा, पाहुणे तुमच्यासारखेच लंगडतात," सकाळी पुढे चालणाऱ्या पाहुण्याकडे पाहत हमदा हसली.

"वाळूत सगळेच लंगडतात. चल मुकाट्याने."

पण सलामाने वाकून पाहुण्याचा माग पाहिला. डावी टाच ओढलेली. माग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वतःचं पाऊल त्याला ओळखता येत होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी संपलं. पाहुणा सरळ एका कड्याखाली गेला, दगड सरकवला आणि मशक भरून आणली. ते टाकं सलामाच्या आज्याने लपवलेलं, घरच्यांखेरीज कुणाला ठाऊक नसलेलं. सलामाने मशक घेतली; तीन दिवस अजून पुरे व्हायचे होते. रिवाज म्हणजे रिवाज.

राखेत भाजलेली रोटी यजमानाने काढायची असते. तिसऱ्या सकाळी ती पाहुण्याने काढली, झटकली, मोडली. पहिला तुकडा हमदाला दिला, दुसरा सलामाला. सलामाने घाईघाईने सामान बांधलं.

"हमदा, माझ्याजवळ चाल."

ती पाहुण्याच्या मागोमाग चालत राहिली.

दुपारी शेवटच्या खिंडीतून समुद्र दिसला. हमदा धावत सुटली. सलामा पाहुण्याला आडवा गेला.

"तीन दिवस झाले. आता सांग, कोण तू?"

"तेच म्हणतो मी," पाहुणा शांतपणे म्हणाला. "तीन दिवस माझी रोटी खाल्लीत, मी एका शब्दाने विचारलं नाही. आता सांगा, नाव काय आपलं?"

सलामाने तोंड उघडलं. स्वतःचं नाव जिभेवर आलंच नाही.

खालून हाक आली, "बाबा, पोचले! या ना लवकर!"

"आलो गं!" पाहुणा डावा पाय ओढत उतरला.

सलामा धडपडत त्याच्या मागे धावला. हमदा गुडघाभर पाण्यात उभी होती, पाहुण्याचा हात धरून, हसत.

तिची नजर सलामाकडे गेली. हसू थांबलं.

तिने ओढणी तोंडावर ओढून घेतली, परक्या पुरुषासमोर घेतात तशी.