सुईची चपटी बाजू

फळीपलीकडून हाक आली तेव्हा ती एका जळक्या पंख्याच्या पोटात हात घालून बसली होती.

"अहो, कोणी आहे का दुरुस्तीवालं? इथं मशीन रुसलंय."

आवाज पुरुषाचा, आणि तोही शिवणवर्गातून. दुरुस्तीच्या वर्गातली पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. उस्तादांनी मान वर न करता तिला खूण केली, "तू जा."

धान्याचं जुनं गोदाम होतं ते. मधोमध प्लायवुडची फळी ठोकून त्याचे दोन वर्ग केले होते. एका बाजूला शिवण, दुसऱ्या बाजूला पंखे, पंप आणि मशीनं यांची दुरुस्ती. आसपासच्या खेड्यांतल्या ज्या मुलामुलींना शेत पुरत नव्हतं आणि शाळाही पुरी झाली नव्हती, ती इथं हाताला काहीतरी काम शिकून बाहेर पडायची. शिवणवर्गातलं मशीन बिघडलं की बाहेरून कारागीर आणायचा नाही, फळीवर हाक मारायची आणि पलीकडच्याने येऊन ते नीट करायचं, असा तिथला शिरस्ता. एकाचं काम अडायचं, दुसऱ्याचा हात बसायचा.

दुरुस्तीच्या वर्गात मुलगी म्हणून ती एकटीच, त्यामुळे सगळे तिला मिस्त्रीण म्हणत. शिवणवर्गात पुरुष म्हणून तोही एकटाच. उंची अशी की गुडघे मशीनच्या टेबलाला थडकायचे, म्हणून त्याचं नाव लंबू पडलं होतं. दोघंही आपापल्या वर्गात पाहुण्यासारखे वावरत होते. मग जे व्हायचं ते झालं, त्यात नवल कसलं?

"काय झालं?" तिने विचारलं.

"टाके सुटताहेत. पट्टा बदला, नाहीतर शटल बदला. मला विचाराल तर मशीनच बदला."

ती वाकली, एकदाच बघितलं आणि कमरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली.

"सुई कोणी बसवली?"

"मीच. का, छान बसलीय ना?"

"उलटी बसलीय. सुईला एक चपटी बाजू असते. ती सुई धरणाऱ्या दांड्याकडे हवी. तुम्ही तिचं तोंड फिरवून ठेवलंय, मग ती दोरा धरील कशाला? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय."

अख्खा शिवणवर्ग हसला. तो कानापर्यंत लाल झाला, पण हसला तोही.

"मिस्त्रीणबाई, अंगण थोडं तरी वाकडं आहे म्हणा की. माझी अब्रू राहील."

फळीच्या अलीकडे येऊन बसल्यावर पंख्याचा तोच स्क्रू तिने दोनदा काढला आणि दोनदा लावला.

त्याच आठवड्यात पुन्हा हाक आली. पुन्हा सुई उलटी. पुढच्या महिन्यातही तेच. तेव्हा मात्र तिने सुई न फिरवता त्याच्याकडे रोखून बघितलं. तोवर त्याचा हात असा बसला होता की शिवणबाई त्याची कॉलर वर्गभर दाखवत फिरायच्या.

"कॉलर बिनचूक बसवता आणि सुई विसरता?"

"विसरतो खरा."

"रोज?"

"रोज कुठं... तुम्ही दिसला नाहीत की विसरतो."

बोलून गेला आणि स्वतःच घाबरला. नजर खाली पायडलवर नेऊन ठेवली. तिचा राग नाकावर असतो, हे दोन्ही वर्गांना ठाऊक होतं. सगळ्या बायका कात्र्या थांबवून बघत होत्या. तिने सुई सरळ केली, स्क्रू आवळला आणि एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी विसरायच्या आधी सांगा. माझ्या हातातलं काम अर्धं राहतं."

पुढची वेळ असणार, हे त्यातून त्याला कळलं. कळायचं ते सगळ्यांनाच कळलं.

मग जेवणाच्या सुट्टीत हातपंपाशी दोघं भेटू लागली. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. एकदा तो म्हणाला, "सगळे मुलगे मिस्त्रीकाम शिकतात आणि मुली शिवण. आपलंच कसं उलटं?"

"आपली सुईच उलटी," ती म्हणाली, आणि किती तरी वेळ दोघं हसत बसली.

तिचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. तिची आई शिवणकाम करून घर चालवायची. मग एका सकाळी आईचं अर्धं अंग लुळं पडलं आणि कोपऱ्यातलं मशीन गंजत राहिलं. वडील केव्हाच गेले होते. ते मशीन तरी चालू करावं म्हणून ती दुरुस्ती शिकायला आली होती.

ते चालू झालं त्या दिवशी ती त्याला घरी घेऊन गेली. एकच खोली, खिडकीपाशी आईची खाट. त्याने वाकून दारातून आत पाऊल टाकलं तरी कपाळ चौकटीला लागलंच. आई अर्ध्या ओठांनी हसली.

"पोरीनं मशीन चालू केलंय म्हणे," तो आईला म्हणाला. "बघू तरी मावशी, खरं की नुसताच गाजावाजा."

मिस्त्रिणीच्या कामाच्या कोटाला नीट खिसा नव्हता. स्क्रू ड्रायव्हर ती केसांत खोचायची, कधी दातात धरायची. त्याने कोट मागून घेतला, पिशवीतून जाड कापडाचा तुकडा काढला आणि आईच्या मशीनवर बसून छातीपाशी एक लांब, अरुंद खिसा शिवला. दोन्ही कडांना दुहेरी टीप मारली. आईने चांगल्या हाताने तो कोट जवळ ओढला, बोट फिरवून टाके चाचपले.

"टाका... चांगला... आहे," आई जड जिभेने म्हणाली. मग मुलीकडे बघून, "माणूसही."

मिस्त्रीण चहा टाकायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभी राहिली. एवढं सुख तिला सवयीचं नव्हतं, आणि ते जाईल ही भीती तिला त्याच क्षणी वाटली.

भीती खोटी नव्हती. वर्ग संपत आला की लांबच्या शहरातल्या कपड्यांच्या कारखान्याचे साहेब यायचे, प्रत्येकाकडून एक बाही शिवून घ्यायचे आणि चांगले हात निवडून न्यायचे. राहायची सोय कारखान्यातच, फक्त कामगारांची. तिच्या आईला खाटेवरून उचलून बसवायला, भरवायला दुसरं कोणी नव्हतं. म्हणजे तो जाणार आणि ती राहणार, हे सरळ होतं. दोघं त्या विषयाला वळसा घालून बोलत राहायची.

या परीक्षेच्या आधी त्याची मोठी बहीण वर्गावर आली. बांधकामावरून पडून तिचा नवरा गेला तेव्हापासून ती दोन मुलींना घेऊन भावाकडेच राहत होती. मिस्त्रीण दाराशी पंखा लावत शिडीवर उभी होती, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"नोकरी नक्की लागेल ना, बाई?" बहीण शिवणबाईंना विचारत होती. "दोघींना शाळेतून काढलंय मी. थोरली दुसऱ्यांच्या शेतात कामाला जाते. ती अजून कुंपणाएवढीसुद्धा नाही हो. भाऊ लागला की पहिल्यांदा त्यांना शाळेत घालीन."

"तो नाही लागला तर मग कोण लागणार?" शिवणबाई म्हणाल्या. "निर्धास्त जा."

पदराने डोळे टिपत बहीण बाहेर पडली. तिच्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला होता, तोही दुहेरी टीप मारून.

संध्याकाळी हातपंपाशी तो नेहमीपेक्षा खुशीत होता.

"समज, मी नापास झालो तर?"

"तू? डोळे मिटून बाही लावशील."

"समज म्हटलं ना. इथंच एक खोली घेऊ. मी शिवीन, तू मशीनं दुरुस्त कर. मावशी खिडकीत बसून टाके तपासतील. आणि... बाकीचंही होईल."

"बाकीचं म्हणजे?"

"तुला माहितीय."

तिला माहीत होतं. तिला ते इतकं हवं होतं की तिने भांडं पुन्हा भरून घेतलं आणि पुन्हा सांडलं.

"आणि ताई? मुली?" तिने विचारलं.

"होईल काहीतरी," तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता.

परीक्षेच्या सकाळी बारीक पाऊस होता. पत्र्यावर त्याचा एकसारखा आवाज चालला होता. साहेब बाजूच्या खोलीत चहा घेत होते, मुलं बाहेर पडवीत उभी होती. उस्तादांनी तिला सगळी मशीनं तपासायला पाठवलं. तेल, पट्टा, बॉबिन, सुई. ती एकेक बघत खिडकीजवळच्या त्याच्या मशीनपाशी आली.

सुई उलटी होती.

आदल्या संध्याकाळी तिनेच ती सरळ बघितली होती. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मशीन पुसून गेला होता तो एकटाच. म्हणजे विसर नव्हता हा. बाहीचे टाके सुटणार, साहेब पुढच्या मशीनकडे जाणार, आणि तो इथंच राहणार. तिच्यासाठी.

तिने काहीच करायची गरज नव्हती. नुसतं पुढच्या मशीनकडे वळायचं. कोणी विचारलं असतं, तर नजरेतून सुटलं म्हणता आलं असतं. एक खोली, खिडकीत आई, उंबऱ्यात वाकून येणारा तो... हे सगळं मिळायला तिला फक्त स्क्रू ड्रायव्हर खिशाबाहेर काढायचा नव्हता.

पण कुंपणाएवढीही नसलेली ती पोर डोळ्यांपुढून हटेना. आणि आज खुशीत असलेला हा माणूस उद्या त्या पोरीकडे बघून आतल्या आत झुरेल, आणि एक दिवस आपल्याकडेही तशाच नजरेने बघेल, हेही तिला दिसलं. त्याने शिवलेल्या खिशातून तिने स्क्रू ड्रायव्हर काढला. तीनदा ती मशीनपासून वळली आणि तीनदा परत आली. सुई फिरवली, चपटी बाजू दांड्याकडे केली आणि स्क्रू घट्ट आवळला.

मुलं आत आली. तो बसला, कापड दाबाखाली सरकवलं आणि पायडल मारलं. वीतभर शिवण झाली तसा तो थांबला. टाके सरळ, एकसारखे. त्याने कापडावर नख फिरवलं आणि मग मान वर करून दाराकडे बघितलं. ती तिथं उभी होती. तिने नजर खाली घातली नाही.

वाकडी शिवण मारणं अजूनही त्याच्या हातात होतं. पण त्याने बाही नीट लावली, इतकी नीट की साहेबांनी ती उलटसुलट करून दोनदा बघितली.

तो निघाला त्या दिवशीही पाऊस होता. बस फाट्यावरून सुटायची. बहीण आणि मुली पुढे जाऊन उभ्या होत्या. तो सामान खाली ठेवून तिच्याजवळ आला.

"मी तुला नको होतो का?" त्याने विचारलं. आवाज बसला होता.

"हवा होतास. इतका हवा होतास की... सुई फिरवताना मी तीनदा परत फिरले."

"मग का केलंस?"

"कारण ती थोरली शाळेत नसती, आणि आपण दोघं रोज तिला बघितलं असतं. तसं नव्हतं मला हवं."

त्याचे डोळे भरले तसे त्याने आभाळाकडे बघितलं, आसवं पावसावर ढकलता येतील म्हणून.

"मी येईन," तो म्हणाला.

"वचन देऊ नको. जमलं तर ये."

त्याचे फोन यायचे. आधी रोज, मग रविवारी, मग सणासुदीला. दुसऱ्या हिवाळ्यात तिची आई गेली तेव्हा तो येऊ शकला नाही, कारखान्यात काम चढलं होतं. पुढे भाड्याची खोली घेऊन त्याने बहिणीला आणि मुलींना तिकडेच नेलं. भांडण झालं नाही, कोणी कोणाला फसवलं नाही. मध्ये अंतर होतं, आणि अंतराने आपलं काम केलं. ती त्याच गोदामात दुरुस्ती शिकवू लागली. स्थळं आली, ती नाही म्हणत गेली, आणि मग तीही यायची थांबली.

काही वर्षांनी नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी एक बाई मुलीला घेऊन दाराशी आली. केस पांढरे झाले होते, तरी मिस्त्रिणीने ओळखलं.

"आम्ही परत आलो गावी," बहीण म्हणाली. "थोरली दहावी झाली, आता इथंच शिवण शिकायचं म्हणते. तुम्हीच ना त्या मशीनच्या ताई? भाऊ सांगायचा, परीक्षेच्या दिवशी त्याचं मशीन ऐनवेळी तुम्ही नीट केलंत. ताई, तुम्ही नसता तर आमचं काय झालं असतं हो. तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही."

मिस्त्रिणीला हसायचं होतं. ओठ हलले, एवढंच.

"कसे आहेत ते?"

"मजेत. गेल्या वर्षी लग्न झालं त्याचं. बायको गुणी आहे." आणि बहीण लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेली.

दुपारी फळीपलीकडून कोवळा आवाज आला. "दुरुस्तीवालं कोणी आहे का? टाके सुटताहेत."

खिडकीजवळचं मशीन. ती वाकली. सुई उलटी होती. 

"कोणी बसवली?"

"मीच," मुलगी हळूच म्हणाली. "चुकून नाही. मामानं सांगितलं होतं, पहिल्या दिवशी सुई उलटी लाव आणि कोण येतं ते बघ."

"आणि... आल्यावर काय सांगायचं म्हणाला?"

"सांगायचं काही नाही म्हणाला. नुसतं बघून ये म्हणाला, त्यांच्या कोटाला खिसा आहे का अजून."

कोट किती तरी वेळा बदलला होता. खिसा मात्र तोच होता, दर वेळी उसवून नव्या कोटाला लावलेला. मुलीने तो बघितला.

मिस्त्रिणीने डोळे पुसले, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि तो मुलीच्या हातात दिला.

"आता तू फिरव," ती म्हणाली. "चपटी बाजू दांड्याकडे."