काल्हेर ते अलिमघर

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं. मला कुणाची मनधरणी करायची नाही.

सन १८८३. मार्गशीर्षातली अमावास्या, दिवेलागणीची वेळ. खाडीच्या उत्तर काठावरच्या काल्हेरहून आमची होडी निघाली. जायचं होतं अलिमघरला. तिथे माझी धाकटी बहीण सरस्वती तापाने फणफणली होती. ठाण्याच्या डॉक्टरचं औषध आज पोटात गेलं नाही, तर ती वाचत नव्हती.

बरोबर तिचा नवरा, गोपीनाथराव. मोजणी खात्यातला कारकून. चार नकाशे रंगवले म्हणून पृथ्वी यानेच आखली, असा तोरा. बायको मरणाच्या दारात आणि हा गृहस्थ मिशांना पीळ देत होता. म्हणूनच औषधाची बाटली मी माझ्या कमरेला बांधली होती.

"सरळ उडाला तर कावळा घटकाभरात पोचेल," तो म्हणाला. "आणि या लोकांना अख्खी भरती लागते! ए चंदू, किती वेळ लागेल रे?"

वल्हं मारणाऱ्या चंदू कोळ्याने वल्हं पाण्याबाहेर उचललं.

"होरीत बसून आसा नाय इचारायचा, सायेब. कोनीच इचारत नाय. खाली कोन तरी आयकत आसतो."

चंदूही काही संत नव्हता. तोंडाला ताडीचा वास येत होता. पण हे बोलून त्याने पाण्याला हात जोडले.

गोपीनाथराव खदाखदा हसला. पाण्याकडे तोंड करून मुद्दाम ओरडला, "सांगा हो कुणीतरी! किती वेळ लागेल?"

आणि...

सगळे आवाज बंद झाले.

रातकिडे नाहीत. काठावरची कुत्री नाहीत. चंदू वल्हं मारत होता, पाणी हलत होतं, पण आवाज नव्हता.

मग होडीच्या तळावर कुणीतरी खालून टकटक केलं...

एकदाच.

मी वळून पाहिलं. गोपीनाथरावाची जागा रिकामी होती. पाणी उडालं नव्हतं. होडी कललीही नव्हती.

हाका मारल्या. कंदील फिरवला. काही नाही.

शेवटी मी म्हणालो, "चंदू, चल." त्याला शोधत बसलो असतो तर बहीण गेली असती. आणि खरं सांगतो, त्या माणसासाठी मला फारसं वाईटही वाटलं नाही.

अलिमघरला उतरून धावत घरात शिरलो.

सरस्वती उशीला टेकून बसली होती. कपाळ गार.

"दादा, किती उशीर! हे केव्हाच आले. औषध पाजलं आणि बाहेर गेले."

बाटली माझ्या कमरेलाच होती. बूचही काढलेलं नव्हतं.

"काय पाजलं तुला?"

"काय की... खारट होतं."

ती बरी झाली. पण तेव्हापासून विहिरीचं पाणी तिच्या घशाखाली उतरत नाही. हंडा घेऊन ती खाडीवर जाते.

गाव म्हणतं, नवऱ्याने मरता मरता तिला वाचवलं. मूर्ख आहेत सगळे. जिवंतपणी त्याने तिला कधी पेलाभर पाणी आणून दिलं नव्हतं.

त्या रात्री तिच्या उशाशी बसलं होतं, ते दुसरंच कुणीतरी होतं.