बाकी एक

गोल बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर चेतनाचं ऑफिस होतं. खाली दिवसभर पितळी परातींचा खणखणाट चाले आणि वर ती लोकांच्या रोजच्या बारीकसारीक अडचणी सोडवत बसे. कुणाच्या दवाखान्यातले नंबर मागेपुढे होत, कुणाच्या दुकानातून एकाच गिऱ्हाइकाला दोनदा मेसेज जाई. असली कामं ती कॉम्प्युटरच्या फंक्शनल पद्धतीच्या भाषेत करायची. ऑफिसातल्या इतरांना ती भाषा डोकेदुखी वाटे. चेतनाला मात्र तिचा सरळपणा आवडायचा. त्यातलं फंक्शन म्हणजे एक छोटंसं गणित. आत जे द्याल त्यावरच उत्तर ठरणार. कोण विचारतंय, कुठे बसून विचारतंय, काल काय सांगितलं होतं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. रेल्वेतून रिटायर झालेल्या तिच्या बाबांना हे समजावून सांगताना ती म्हणायची, की माणसांपेक्षा हे बरं, शब्द फिरवत नाही.

हिवाळा लागता लागता बीरगांवच्या बाजूच्या एका शाळेचं काम आलं. बसमध्ये एखादं मूल झोपून राहिलं आणि वरून दार बंद झालं, तर काय करायचं, अशी शाळेला भीती होती. दाराच्या पायरीवर सेन्सर बसवला. कुणी चढलं की एक नोंद, उतरलं की एक नोंद. बसमधल्या छोट्या मशीनवर चेतनाचं फंक्शन शून्यापासून सुरू करी, चढणाऱ्याचा एक मिळवी, उतरणाऱ्याचा एक वजा करी. बस उभी करून बंद केल्यावर बाकी शून्य आली तर हिरवा दिवा, नाहीतर भोंगा. अर्ध्या दिवसात काम झालंसुद्धा.

काही दिवसांतच शाळेचा फोन आला. भोंगा थांबत नव्हता. मुलं वर्गात गेलेली, ड्रायव्हर देवीदास खाली उभा, मुलांना चढवणारी-उतरवणारी कमला दीदी प्रत्येक सीटखाली वाकून पाहून उतरलेली. तरी बाकी एक.

चेतनानं त्या दिवसाच्या नोंदी मागवल्या. आपल्या मशीनवर फंक्शनला दिल्या. उत्तर शून्य आलं. मग कागदावर बेरीज-वजाबाकी केली. शून्यच. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा बाकी एक. तिच्या टेबलावर पुन्हा शून्य.

शेवटी ती लॅपटॉप घेऊन शाळेत गेली. बस मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली उभी होती. आत डिझेलचा, संत्र्याच्या सालींचा आणि खोबरेल तेलाचा वास कोंडलेला होता. ती पुढच्या सीटवर बसली आणि त्याच जुन्या नोंदी लॅपटॉपवर चालवल्या.

एक.

तिनं इंटरनेट बंद केलं, सेन्सरची वायर काढली. आता लॅपटॉपला बसचं काहीच माहीत असायचं कारण नव्हतं. एक. लॅपटॉप तसाच उघडा धरून ती पायऱ्या उतरली आणि मातीवर उभं राहून पुन्हा तेच चालवलं. शून्य. पुन्हा वर चढली. एक.

असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. देवीदास विडी विझवून बघत राहिला होता. कमला दीदी पायऱ्या चढून आत आली. सवयीनं सीटांवरून हात फिरवत ती शेवटपर्यंत गेली आणि मागच्या सीटपाशी थांबली.

"इथं हात लावून पाहा," ती म्हणाली.

चेतनानं हात ठेवला. बाकी सगळं रेक्झिन थंडगार होतं. एवढ्या एका जागी ते कोमट होतं, आणि जरासं दबलेलं. ऊन त्या बाजूला नव्हतं.

"कोणी बसलं असन," चेतना म्हणाली.

"हव," कमला दीदी मान डोलावत म्हणाली, आणि तिनं हात पदराला पुसला.

ऑफिसात चेतनानं शेखरला सगळं सांगितलं. शेखर तिचा सीनियर, शांत माणूस. त्याला वाटलं लॅपटॉप खराब आहे. तिनं दुसरा नेला, तिसरा नेला. बसमध्ये एक, खाली शून्य. तिला रात्रंदिवस तेच दिसायला लागलं. आजवर कधी न बदललेली गोष्ट बदलत होती, आणि का ते तिला सापडत नव्हतं. जेवताना बाबांनी काही विचारलं तर दोनदा विचारावं लागे.

तिकडे शाळा वैतागली. भोंग्यानं वर्ग चालेनात. वायर तोडून टाकतो म्हणाले. वायर तोडली तर खरोखर कुणी आत राहिलं तरी कळणार नव्हतं.

"एक कमी करून टाक ना," शेखर म्हणाला. "काहून डोकं खपवून राहिली? रोज एकच जास्त येते. खरंच एखादं पोट्टं राहिलं, तर दोन येतीन. त्यातला एक गेला, तरी भोंगा वाजन."

हिशोब बरोबर होता. चेतनाला त्यात खोट काढता येईना. तिनं शेवटच्या ओळीत एक वजा केला. दुसऱ्या दिवशी दिवा हिरवा लागला, शाळेनं आभार मानले आणि शेखरनं समोसे मागवले.

पण ती एक वजाबाकी तिच्या मनातून जाईना. तो एक नेमका कुणाचा, हे न विचारताच आपण तो खोडला, असं तिला सारखं वाटे. एका दुपारी हातातलं काम तसंच टाकून ती वजाबाकीची ओळ काढायला शाळेत गेली.

बस तिथेच कडुनिंबाखाली होती. दिवा हिरवा. हल्ली तो दिवा पाहूनच कमला दीदी दार लावून टाकी, सीटा तपासत नसे. देवीदास कुठे दिसला नाही. कमला दीदीनं कुलूप काढून दार उघडलं. चेतना आत चढली आणि जागच्या जागी उभी राहिली.

मागच्या सीटवर, दप्तर मांडीवर घेऊन, एक मुलगी बसली होती.

"मीरा?" कमला दीदी पुढे झाली. ती दुसरीतली मीरा होती, सकाळी याच बसनं आलेली. "तू सकाळपासून इथंच? काहून उतरली नाही?"

या हिंदी मुलखातल्या बहुतेक मराठी पोरींसारखी मीराही मराठी समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची.

"उसने बोला," ती म्हणाली, "आज तू रुक, मैं उतरती हूँ।"

"कोणी?"

मीरानं शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

तिला बरं-वाईट काही झालं नव्हतं. ओठ सुकले होते, एवढंच. चेतनानं तिला पाणी पाजलं. कमला दीदी धावत वर्गाकडे गेली आणि विचारून परत आली. वर्गाच्या बाई म्हणत होत्या, की मीरा सकाळपासून वर्गात होती. पाढे म्हटले, डबा खाल्ला. मधल्या सुट्टीत तिची आई न्यायला आली आणि तिला घेऊन गेली. पाहुणे यायचे होते म्हणे.

म्हणूनच दिवा हिरवा होता: आत रोजच्यासारखी एकच उरली होती, आणि तो एक चेतनानंच खोडला होता. समोर मुलगी घोट घोट पाणी पीत होती.

कमला दीदीनं मीराच्या आईला, पद्मिनीला, फोन लावला. चेतनालाही ऐकू यावं म्हणून तिनं आवाज मोठा करून फोन सीटवर ठेवला. मीरा घरी आहे ना, एवढंच विचारलं.

"हो, ही काय जेवून राहिली," पद्मिनी म्हणाली. आवाजात हसू होतं. "आज तर घरी आल्यापासून नीट मराठीत बोलून राहिली. मलेच नवल वाटलं. काहून, काही झालं काय?"

"काही नाही, असंच," कमला दीदी म्हणाली. कुठून फोन केला, का केला, तिनं काहीच सांगितलं नव्हतं. चेतनानं मीराचा हात धरला. आधी हिला इथून खाली घ्यायची, मग काय ते पाहू. ती तिला दारापर्यंत घेऊन आली. मीरानं एक पाय पायरीवर टाकला.

सीटवरच्या फोनमधून, ताटाच्या आवाजामागून, एक लहान आवाज आला. स्वच्छ, शांत.

"आई, तिले सांग, उतरू नको म्हणा."

मीरानं चेतनाच्या हातातून हात सोडवून घेतला. पायरीवरचं पाऊल वर उचललं, आणि ती मागच्या सीटवर जाऊन बसली. खिडकीकडे थोडी सरकून, शेजारी एक जागा ठेवून.