फोनवरचा नकार

फोन आला तेव्हा थोरली वरच्या मजल्यावर, काकूच्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. हात ओले म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि तिथंच घोळ झाला.

"अभिनंदन," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "शिष्यवृत्तीसाठी निवडलेल्या मुलीनं काल दुपारी फोनवर नकार दिला. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तुमचं. जागा आता तुमची."

निवडलेली मुलगी, म्हणजे काकूची धाकटी, ओट्याशी उभी राहून सफरचंद खात होती. तिनं कुणालाही नकार दिला नव्हता.

स्वयंपाकघरात कुणी हललं नाही. टेबलाशी काका होते, काकू होती, पिठाचा डबा मागायला वर आलेली थोरलीची आईही होती. सगळ्यांनी आधी धाकटीकडं पाहिलं. मग सगळ्यांनी थोरलीकडं पाहिलं.

खरं सांगायचं तर थोरलीला पहिल्यांदा आनंदच झाला. तो लपवायला तिला जरा वेळ लागला आणि तेवढा वेळ काकांना पुरला.

ही दोन भावांची लेकरं. वर काका, काकू आणि धाकटी. खाली थोरली आणि तिची आई. थोरलीचे वडील दूरच्या शहरात नोकरीला. दोघी चुलत बहिणी एकाच वर्गात, थोरली चार-सहा महिन्यांनी मोठी, आणि पहिल्या इयत्तेपासून धाकटीच्या एक नंबर मागं. बक्षीस धाकटीला, टाळ्या वाजवायला थोरली. तिला धाकटीचा हेवा वाटतो, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

शिष्यवृत्ती गावातल्याच एका संस्थेची होती. परगावच्या मोठ्या कॉलेजचा सगळा खर्च ती उचलायची, वर्षाला एकाच मुलीचा. दोघींनी अर्ज केला. निवडलेलं नाव जाहीर झालं, ते धाकटीचं. प्रतीक्षा यादी संस्था जाहीर करत नसे. ज्याला त्याला मेसेज जायचा. थोरलीला तो आला तेव्हा तिनं फक्त आईला दाखवला.

"वर बोलू नकोस," आई म्हणाली होती. "इथंही मागंच राहिलीस, हे कशाला सांगायचं?"

आता ते सगळ्यांनाच कळलं होतं.

काका करसल्लागार. समोरच्याच्या खिशात काय आहे ते प्रश्न विचारून काढायची त्यांना सवय.

"काल दुपारी कुठं होतीस?"

"घरी. ताप होता."

"धाकटीचं प्रॅक्टिकल होतं, फोन न्यायला बंदी. तिचा फोन इथं चार्जिंगला होता. ठाऊक होतं तुला?"

"होतं."

"वर आलीस?"

"नाही."

"आमचं दार उघडंच असतं."

"काका, मी आले नाही."

"ती झोपली होती, भावजी," आई मध्येच म्हणाली. "मी दुपारभर तिच्या उशाशी बसले होते."

थोरलीनं मान खाली घातली. दुपारी तहानेनं तिला जाग आली होती. तिनं दोनदा आईला हाक मारली होती आणि घरात कुणीच नव्हतं.

आई खोटं का बोलतेय?

"आणि तू गं?" काकांनी काकूला विचारलं.

"आतल्या खोलीत पडले होते. डोळा लागला. मला काही ऐकू आलं नाही." काकू उठून कप विसळू लागली. निवड झाली त्या दिवशीही ती अशीच पाठ फिरवून म्हणाली होती, "नशीब काढलंस हो. आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं."

धाकटीनं सफरचंद खाली ठेवलं. आता ती म्हणाली, "ताई, तू केलंस?"

हा प्रश्न काकांच्या सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त लागला.

"तुझा फोन दाखव," थोरली म्हणाली.

कालचा कॉल तिथं होताच. आलेला, उचललेला, बऱ्यापैकी लांब. धाकटीनं संध्याकाळी फोन हातात घेतला होता, पण जुने कॉल कोण चाळत बसतं?

"तुझ्या फोनचं लॉक कुणाकुणाला माहीत आहे?"

"तुला. आणखी कुणाला नाही."

"आलेला फोन लॉक न उघडता उचलता येतो. पण त्याची नोंद पुसायची तर लॉक उघडावं लागतं. मी असते तर पुसली नसती?"

धाकटी विचार करू लागली. काकांना मात्र हे पटलं नाही. "घाईत विसरली असशील," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी संस्थेत गेल्या. संस्थेचं ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, भिंतीला लागून फायली आणि फोनशी बसलेल्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या बाई. त्यांनी धाकटीचं ऐकून घेतलं, तिला बाहेर बसवलं आणि थोरलीला आत बोलावलं.

"नकार मी दिला नव्हता, असं म्हणणारे दरवर्षी येतात," बाई म्हणाल्या. "घाबरून नाही म्हणतात आणि मग पलटतात. कुणी फोन घेतला ते त्या माणसानं इथं येऊन सांगितलं, तरच मी नकार खोडते. आज ऑफिस बंद व्हायच्या आत. नाहीतर जागा तुझी. आणि शोधायला तूच निघालीस?"

"हो."

"का?"

"कारण सगळ्यांना वाटतंय मीच केलं."

तिनं अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं म्हणजे आईची भीती.

"आवाज कसा होता?"

"बाईमाणसाचा. दबका. फोनवर वय कुठं कळतं? कॉल रेकॉर्ड होत नाहीत. पण लक्षात राहिलाय, कारण ही जागा नको म्हणणारं मला सहसा भेटत नाही."

"कारण काय सांगितलं?"

"म्हणाली, हिशेबाचं तर शिकायचं, ते इथंही होतं. त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?"

थोरली खुर्चीत सरळ बसली. "तुम्हाला यात काही वावगं वाटलं नाही?"

"वाटायचं काय? फोन करताना माझ्यासमोर फक्त नावं आणि नंबर असतात. कोण काय शिकणार ते निवड समितीला ठाऊक."

"पुढं?"

"मी म्हटलं, ठीक आहे, पुढच्या मुलीला कळवते. तर ती दचकलीच. पुढची? म्हणजे अशी यादी असते? जागा रिकामी राहत नाही? मी म्हटलं, कशी राहील?"

"आणि मग?"

"मग विचारलं, एकदा नाही म्हटलं की पुन्हा कधीच विचारत नाहीत ना? मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, हो, मला ठाऊक आहे. आणि फोन ठेवला."

थोरली बाहेर आली ती पायऱ्यांवरच बसली. फोन घेणारी आई नव्हती. छातीवरचं ओझं उतरलं आणि त्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. कोण होतं ते तिला आता कळलं होतं.

गप्प बसलं की झालं, तिच्या मनात आलं. काही करायचंच नाही. संध्याकाळी ऑफिस बंद होईल, जागा आपली. चार दिवस लोक बोलतील, मग विसरतील. आयुष्यात एकदा धाकटी मागं राहील. हा विचार इतका गोड होता की तिनं तो दोनदा केला.

शेजारी धाकटी रडून सुजलेले डोळे पुसत होती. "ताई, तू नसशील तर खरंच सांग. तुला आवडत नाही मी, ठाऊक आहे मला. पण तू खोटं बोलत नाहीस."

थोरली उठली. "चल घरी. सगळ्यांना बोलव."

वरच्या मजल्यावर सगळे जमले. काका ऑफिसला दांडी मारून टेबलाशी बसले होते. काकूच्या हातात घडी घालायचे कपडे होते. आई दाराला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"आधी एक सांगते, मग मला रागवा," थोरली म्हणाली. "धाकटीनं हिशेबाच्या कोर्ससाठी अर्ज केलाच नव्हता. केला होता भूगर्भशास्त्रासाठी."

काकांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे काय?"

"दगडमातीचा अभ्यास, बाबा," धाकटी पुटपुटली. "तुम्हाला तुमच्या ऑफिसात मी हवी होते, म्हणून घरी अकाउंट्स सांगितलं."

"अर्ज आम्ही वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर शेजारी बसून भरले," थोरली म्हणाली. "खरं फक्त मला माहीत होतं. आणि फोनवर जी बोलली ती म्हणाली, हिशेबाचं शिकायला लांब कशाला जायचं? मी असते तर असं म्हटलंच नसतं. म्हणजे बोलणारीला घरात सांगितलेलंच खरं वाटत होतं. बाहेरचं कुणी नव्हे, घरातलंच माणूस."

"मी ऑफिसात होतो," काका म्हणाले.

"तुम्ही नाहीच. आवाज बाईचा होता. राहिल्या दोघी."

काकूनं हातातला टॉवेल परत उलगडला आणि परत घडी घातली.

"पुढच्या मुलीला कळवते म्हटल्यावर ती बाई दचकली. प्रतीक्षा यादी असते हेच तिला ठाऊक नव्हतं. जागा रिकामी राहील असं वाटलं होतं तिला. माझं नाव यादीत पहिलं आहे, हे आईला मेसेज आला त्याच दिवशी कळलं होतं. माझ्यासाठी जागा बळकावायची म्हणून आईनं हे केलं असतं, तर ती दचकली नसती. तीच तर वाट बघत असती." थोरली काकूकडं वळली. "ज्या बाईनं हे केलं तिला ही जागा कुणालाच द्यायची नव्हती. फक्त धाकटीला मिळू द्यायची नव्हती."

"काय बरळतेयस?" काका उठून उभे राहिले. "आई आहे ती तिची."

"काकू," थोरली म्हणाली, "एकदा नाही म्हटलं की पुन्हा कधीच विचारत नाहीत, हे तुला कसं ठाऊक?"

काकूनं टॉवेलाची घडी पुरी केली. मग तो टेबलावर ठेवला.

"मलाही अशीच जागा मिळाली होती," ती म्हणाली. "शिक्षिका व्हायच्या कॉलेजची. वडिलांनी माझ्या वतीनं परस्पर नकार कळवला. मला लग्नानंतर कळलं, तेही बोलता बोलता. मी तिथं विचारायला गेले. ते म्हणाले, एकदा नाही म्हटलंत ना?"

"पण आई, मी काय केलं?" धाकटीनं विचारलं.

"काही नाही. तुझा फोन वाजला, मी उचलला. ती बाई म्हणाली, अभिनंदन, तुम्ही येणार ना? तुम्ही, म्हणाली. मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मी हो म्हणणार होते, खरंच. आणि तोंडातून नाही निघालं." तिनं धाकटीकडं पाहिलं. "पोटच्या पोरीचा हेवा वाटला मला. काल तुझ्या ताईवर आळ आला तेव्हाही मी गप्प बसले. ते तर त्याहून वाईट."

धाकटी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. काका खुर्चीत बसले.

"ऑफिस अजून उघडं आहे," थोरली म्हणाली. "तिथं तुलाच बोलावं लागेल, काकू."

काकूनं चपला घातल्या. जिन्याशी थांबून ती थोरलीला म्हणाली, "एवढ्यावरून ओळखलंस?"

"एवढ्यावरून दोघींपैकी कोण ते ठरलं नसतं, तरी मी तुलाच धरलं असतं. तुला काय वाटत होतं ते मला चांगलं माहीत आहे."

काकू खाली उतरली. धाकटी मागून गेली, चार पायऱ्या अंतर ठेवून.

थोरली आणि आई आपल्या खोलीत येऊन बसल्या. आईनं दार लावलं.

"परवा दुपारी कुठं होतीस?" थोरलीनं विचारलं.

"औषधाच्या दुकानात. परत आले तर तू पलंगावर नव्हतीस."

"बाथरूममध्ये होते."

"मला वाटलं, वर गेली होतीस." आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "म्हणून उशाशी बसल्याचं सांगितलं."

"आणि तू खोटं बोललीस म्हणून मला वाटलं, तूच."

आई हसली नाही. "ती मीच निघाले असते तर?"

"जागा परत केली असती. पण तुझं नाव घेतलं नसतं."

"आता गेलीच ना जागा?"

"गेली." आणि आता कुठं थोरलीला रडू फुटलं. धाकटी जाणार याचं, आपण इथं राहणार याचं, आणि एवढं सगळं करूनही पोटातला हेवा तसूभर कमी झाला नव्हता याचंही. आईनं तिला जवळ ओढलं आणि रडू दिलं.

"पुढच्या वर्षीचे अर्ज कधी सुटतात?" आईनं बऱ्याच वेळानं विचारलं.

"अजून कळवलं नाहीये."

"मग दुसऱ्या संस्था असतील. बघ की."

थोरलीनं नाक पुसलं आणि फोन उघडला. पहिल्याच संस्थेची अटींची यादी लांबलचक होती. ती पात्रतेच्या अटी मोठ्यानं वाचू लागली आणि आई एकेका अटीला हो म्हणत गेली.